तिची खुर्ची राखणारी पाटी

मी एक पाटी. शाळेतली नव्हे, तिच्या नशिबी निदान पोरांचे हात तरी असतात. मी हॉटेलातल्या टेबलावरची, वीतभर लांबीची. माझ्यावर एकच शब्द लिहिलाय, 'राखीव'.

सुतारानं या हॉटेलाची टेबलं केली, तेव्हा उरलेल्या तुकड्यातून मी झाले. रंगाऱ्यानं 'रा' आणि 'खी' ऐसपैस लिहिले आणि 'व'ला जागाच उरली नाही. तो बिचारा अजून अंग चोरून उभा आहे. मालकीणबाई म्हणाल्या, "वाचता येतंय ना? मग झालं."

स्वतः बसायचं आणि दुसऱ्याला बसू द्यायचं नाही, हे माझं काम. त्यामुळे माझ्याकडे कुणी प्रेमानं बघत नाही. एका बाईंनी तर मला सरळ पर्सखाली दडवलं आणि आरामात जेवून गेल्या. मी आतल्या आत चरफडले, दुसरं काय करणार?

पुढे मालकीणबाईंच्या डोक्यात ब्रंचचं खूळ शिरलं. "ना धड न्याहारी, ना धड जेवण," वेटर कुरकुरायचा. पण रविवारी दाराबाहेर रांग लागायला लागली आणि माझा भाव वधारला.

अशाच एका रविवारी एक काका आले. कडक इस्त्रीचा शर्ट, केस चापूनचोपून बसवलेले. खिडकीजवळचं टेबल त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. वेटर मला उचलायला आला तर म्हणाले, "असू द्या. लेक येतेय माझी. ती आली की उचला."

वेटर वळला आणि काका माझ्याशीच बोलू लागले. सराव चालला होता त्यांचा, त्यातूनच मला सगळं कळलं. लेकीनं त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून बोलणं तुटलेलं. या रविवारच्या आठवडाभर आधी ती दारात येऊन सांगून गेली होती, नवऱ्याची बदली झालीय, आम्ही लांब राहायला जातोय. काकांच्या तोंडून "आत ये" काही निघालं नाही. तिच्या चपलांकडे बघत ते एवढंच म्हणाले, "रविवारी ब्रंचला ये. तुला आवडतं ना." ती म्हणाली, "येते." तेवढ्या एका शब्दावर काकांचा आठवडा गेला होता.

"जावईबापू कसे आहेत?" त्यांनी मला विचारलं. मग स्वतःच मान हलवली. "नको. आधी म्हणावं, दोघं घरी या. हां, हेच बरं."

लेक भुकेली येईल म्हणून त्यांनी दोघांचं मागवून ठेवलं. टोस्ट चामट झाले, आमलेट थिजलं, कॉफीवर साय धरली. रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "काका, ही खुर्ची घेऊ का?"

"नका हो, येतेय ती."

माझ्या जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझं काम माझ्या आधी केलं. मला काकांचा फार लळा लागला.

शेवटी त्यांनी फोन लावला. कानानं कमी ऐकू येत असल्यामुळे स्पीकर चालू ठेवला, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं.

"निघालीस का गं?"

"कुठं बाबा? आम्ही कालच पोचलो. सामान लावतोय."

"अगं, रविवारी ये म्हटलं, तर येते म्हणालीस की."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बाबा, मी निघाले होते हो तेव्हा. निघताना येतेच म्हणतात ना? जाते म्हणू नये, तुम्हीच शिकवलंत. मला वाटलं, ब्रंचचं तुम्ही आपलं बोलायचं म्हणून बोललात. तुम्ही… तुम्ही तिथं गेलायत का?"

काकांनी समोरच्या भरल्या ताटलीकडे पाहिलं. "छे गं. घरीच आहे. सहज विचारलं."

"मागे कसला आवाज येतोय?"

"रेडिओ. बरं, ठेवतो. जेवून घ्या दोघं."

ज्याचा इतका सराव केला, ते वाक्य तसंच राहून गेलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण पाटीवर जे लिहिलंय त्यापलीकडे तिला बोलता येत नाही.

काकांनी थिजलेलं आमलेट चमच्यानं थोडं थोडं संपवलं. लेकीच्या ताटलीला मात्र हात लावला नाही. वेटरनं विचारलं, "काका, आवडलं ना?"

"छान होतं," काका म्हणाले आणि त्यांनी आपल्याच हातानं मला पालथं घातलं.

आता टेबलं मोबाइलवरून राखली जातात. मी गल्ल्याखालच्या खणात संपलेल्या सेलांच्या सोबतीला पडून आहे. काका पुन्हा आले नाहीत, असं वेटर एकदा कुणाला तरी सांगत होता. माझ्या स्वतःसाठी मला काही मागायचं नाही. तुम्हाला ती लेक कधी भेटलीच, तर तिला एवढंच सांगा. बाई, त्या दिवशी तुझे बाबा घरी नव्हते.