पाच खिडक्यांचे कार्यालय

गावाचे नाव मी सांगत नाही. आमचे अव्वल कारकून दिनकरराव अजून हयात आहेत, आणि त्यांच्या डोकेदुखीत माझ्याकडून भर पडावी अशी माझी इच्छा नाही. परभणी जिल्ह्यातील एका गावी जुन्या जमिनींच्या नोंदी ठेवणारे आमचे कार्यालय होते. इमारत निजामाच्या काळची, भिंती हातभर जाडीच्या, आणि त्या भिंतींत पाच मोठ्या खिडक्या होत्या. त्यांपैकी एकही उघडत नसे.

याला कुणाचाही दुष्टावा कारण नव्हता. जिल्ह्याहून तपासणी यायची ठरली की कार्यालयाला रंग द्यायचा, ही आमच्याकडील रीत होती. खिडक्यांना हिरवा तेलरंग दिला जाई, आणि रंग ओला असताना त्या उघडू नयेत म्हणून बंद ठेवल्या जात. मग तो वाळे. पुढच्या तपासणीला त्यावर दुसरा थर चढे. अशा रीतीने वर्षानुवर्षांच्या तपासण्यांनी झडपा आणि चौकटी एकजीव करून टाकल्या होत्या. बाहेरचा वारा त्या खिडक्यांपर्यंत येत असावा आणि दार लोटून पाहणाऱ्या ओशाळ्या पाहुण्यासारखा परत जात असावा, असे मला पुष्कळदा वाटे.

मी तिथे नक्कल करून देणारा कारकून होतो. एकोणीसशे त्र्याऐंशी साल होते. नोकरीला दीड वर्ष झाले होते. ती कायम झालेली नव्हती. माझे टेबल चौथ्या खिडकीपाशी, म्हणजे चौथ्या हिरव्या भिंतीपाशी होते. एकुलता एक दिवा दिनकररावांच्या डोक्यावर जळे, आणि त्याचा उजेड माझ्यापर्यंत येईतो थकून जाई. फिकट शाईतली जुनी अक्षरे मी नाकाजवळ धरून वाचत असे. दुपारच्या डब्यानंतर साऱ्या कार्यालयावर जडपणा उतरे. शिपाई सटवाजी बसल्या जागी घोरू लागे. दिनकरराव कपाळाला बाम चोळत म्हणत, "रंगनाथ, तुम्ही विचार कमी करत जा. कोंडल्या जागी विचार केला की हवा जड होते."

मार्च महिन्यात मी एका माणसाची विहीर शेजाऱ्याच्या शेतात नेऊन ठेवली. सर्व्हे नंबर एकचा नऊ वाचला गेला, एवढेच कारण. दोघे भाऊबंद विळे घेऊन कार्यालयात आले होते.

मेच्या पहिल्या शनिवारी पत्र आले. पुढच्या शुक्रवारी तपासणी होती. दिनकररावांनी मला बोलावले आणि पत्र माझ्यासमोर उलटे ठेवले, जणू ते वाचण्याचा माझा दर्जा नव्हता.

"नकला किती तुंबल्यात?"

"चौसष्ट."

"विहिरीचं प्रकरण साहेबांच्या कानावर गेलंय. शुक्रवारी चौसष्टचा आकडा दिसला तर तुम्ही कायम व्हायचे नाहीत. मी काही करू शकणार नाही. आणि खरं सांगायचं तर करणारही नाही."

त्यांचा हा सरळपणा मला आवडला. मी मान हलवली. दीड वर्षात तिथे मी बहुतेक मान हलवूनच बोललो होतो.

सोमवारी रंगारी आले. दहा वाजेपर्यंत आत असा उग्र वास कोंडला की सटवाजी भिंत धरून बाहेर गेला आणि ओट्यावर आडवा झाला. "लय गरगरायलंय सायेब," तो म्हणाला. "आत जायला सांगू नका, मेलो तर फुकटात तपासणी लांबंल."

दिनकररावांना तेही नको होते. रंग वाळेपर्यंत टेबले समोरच्या कडुनिंबाखाली मांडायला त्यांनी परवानगी दिली. ते स्वतः मात्र नाकाला रुमाल लावून आतच बसले. अव्वल कारकुनाने झाडाखाली बसणे त्यांना पटेना.

निंबाखाली आमच्याआधी केशरबाई बसल्या होत्या. मानवतकडच्या एका खेड्यातून एसटीने त्या येत, नकलेसाठी. त्यांची ही पाचवी खेप. त्या झाडाखालची माती वाट पाहणाऱ्यांच्या बसण्याने गुळगुळीत झाली होती, आणि त्यांतला बराचसा गुळगुळीतपणा केशरबाईंचा असावा. टेबले येताना पाहून त्यांनी आपली पिशवी जवळ ओढली.

"म्या इतके दिस तुमच्या दारी बसले," त्या म्हणाल्या, "आता तुमी माज्या दारी आलात. बसा. सरका म्हणू नका फकस्त."

मी त्यांचा अर्ज वर काढला. विहिरीवर वीज घेण्यासाठी जुन्या पाहणीची नक्कल हवी होती. कागद पुढे ठेवला आणि क्षणभर मला कळेनाच की काय वेगळे आहे. पानांतून गाळलेला उजेड कागदावर हलत होता आणि अक्षरे जागच्या जागी उभी होती. एक हा एक होता. नऊ हा नऊ होता. शाई फिकट नव्हतीच, फक्त आजवर ती मला कधी दिसली नव्हती. अर्ध्या तासात नक्कल झाली.

सहीसाठी दिनकरराव बाहेर आले, रंगाच्या वासाने लाल झालेले डोळे चोळत.

"शिक्का उघड्यावर मारायचा म्हणता?"

"शिक्क्याला काय ऊन लागतंय का सायेब?" केशरबाई म्हणाल्या. "मारा. मी पदर धरते वर."

त्यांनी खरोखरच पदर धरला. त्या सावलीत दिनकररावांनी शिक्का मारला आणि कुणी पाहिले का, ते पाहिले.

मंगळवारी त्यांची खुर्ची बाहेर आली, "देखरेखीसाठी". बुधवारी बामाची बाटली आतच राहिल्याचे त्यांच्या लक्षात आले ते संध्याकाळी पाच वाजता. सटवाजी दुपारी घोरला नाही. कागदांचे बस्ते सोडून हाती देऊ लागला, आणि तेही कुणी न सांगता. कुंपणाच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा होत्या. रंगाऱ्यांनी सोमवारी त्या पुसल्या होत्या. बुधवारी सकाळी विद्यार्थ्यांनी पुन्हा लिहिलेल्या दिसल्या. सटवाजी त्या पाहत म्हणाला, "ह्या पोरांचा उरक बगा. उघड्यावर काम करायलेत ना."

गुरुवारी संध्याकाळी चौसष्टांपैकी तीन उरल्या होत्या. रंगही वाळला होता. दिनकररावांनी टेबले आत नेण्याचा हुकूम दिला. मी माझ्या हिरव्या भिंतीपाशी जाऊन बसलो आणि उरलेल्या तीन नकला डोळ्यांपुढे धरल्या. पुन्हा सगळे धुके झाले होते.

शुक्रवारी साहेब आले. स्थूल, शांत गृहस्थ. दिनकररावांच्या खुर्चीत बसले, दोन रजिस्टरे चाळली आणि शर्टाचे वरचे बटण सोडले. थोड्या वेळाने दुसरे सोडले.

"खिडकी उघडा जरा."

 सटवाजी गेला आणि त्याने पहिल्या खिडकीला खांदा लावला. दोन कारकून मदतीला धावले. दुसरी, तिसरी. शेवटी साहेब स्वतः उठले आणि चौथ्या खिडकीची कडी धरून त्यांनी जोर लावला. कडी त्यांच्या हातात आली. खिडकी जशीच्या तशी राहिली.

"मजबूत काम आहे साहेब," दिनकरराव म्हणाले. "निजामाच्या काळचं."

साहेबांनी हातातल्या कडीकडे पाहिले, ती दिनकररावांच्या हातात ठेवली आणि ते बाहेर गेले. निंबाखाली उभे राहून त्यांनी तीन-चार खोल श्वास घेतले. "रजिस्टरं इकडेच आणा," ते म्हणाले. टेबल पुन्हा झाडाखाली आले.

नकलांच्या नोंदीवर त्यांचे बोट थांबले. "दोन महिन्यांत एकोणचाळीस. आणि या चार दिवसांत एकसष्ट. काय केलंत चार दिवस?"

"माझी जातीनं देखरेख होती," दिनकरराव म्हणाले.

"नक्कल कोण करतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. दिनकररावांनीही, आणि त्यांच्या नजरेत मला माझा शेरा लिहिलेला दिसला. मान हलवली असती तर दोघांचेही निभावले असते. पण साहेबांना कारण हवे होते.

"साहेब, इथं दिसत होतं," मी म्हणालो.

"काय?"

"अक्षर. आत दिसत नाही. विहीरही म्हणूनच सरकली."

"आन झोप न्हाई आली सायेब," सटवाजी मागून म्हणाला. "मला बी न्हाई."

साहेबांनी वर निंबाकडे पाहिले. मग त्यांनी शेरा लिहिला: आठ दिवसांत पाचही खिडक्या खरवडून उघडाव्यात, यापुढे तपासणीसाठी रंग देऊ नये, नक्कल करणाऱ्याचे काम समाधानकारक. शेवटचे वाक्य मी उलट्या बाजूने वाचले. ते उलटेही सुंदर दिसत होते.

दिनकररावांनी अहवालात लिहिले की झाडाखाली कामकाज करण्याची सूचना अव्वल कारकुनांनी वेळेवर केली. ते खोटेही नव्हते.

खिडक्या खरवडल्या तेव्हा मी थर मोजले. सतरा. सगळ्यांत तळाशी सागाचे करडे लाकूड होते, इतकी वर्षे अंधारात राहून थोडे लाजल्यासारखे. चौथी खिडकी कुरकुरत उघडली तेव्हा समोरचा निंब चौकटीत आला. ज्येष्ठतेच्या मानाने ती जागा दिनकररावांनी घेतली. आठवडाभरात ते वैतागले. "उजेड डोळ्यांवर येतो," ते म्हणाले, "आणि जेवणानंतर माणसाला जरा विसावाच नाही." त्यांचे टेबल पुन्हा आतल्या भिंतीशी गेले. खिडकी मला मिळाली. महिन्यानंतर कायम झाल्याचा कागदही.

आता निंबाखाली सहसा कुणी नसे. नक्कल दोन दिवसांत मिळू लागली होती. ती गुळगुळीत माती खडबडीत होऊ लागली, आणि ज्या रिकामेपणासाठी मी झटलो, त्याच रिकामेपणाकडे पाहून मला उगाच उदास वाटे.

एका बाजाराच्या दिवशी केशरबाई तिथे बसलेल्या दिसल्या. मी खिडकीतून विचारले, "मावशी, काही अडलं का?"

"काय न्हाई रं," त्या म्हणाल्या. "इजेची मोटर बी बसली. एसटीला टाइम हाय, सावली हाय, म्हणून बसले."

मी पुढचा कागद उजेडात ओढला.