कुसुमची लय

“आधी म्हण, चहा. मग देतो.”

नीळकंठराव उजागऱ्यांनी कप मागे धरला. कुसुमचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. पक्षाघाताला तीन महिने झाले होते. हातपाय सावरले, वाचा गेली ती गेलीच.

“बाबा, द्या ना तिला,” दारातून त्यांची मुलगी मधुरा म्हणाली. “आई काय तुमची मोटर आहे, टेस्टिंगला लावलेली?”

“डॉक्टरांनी रोज सराव सांगितलाय.”

“सराव सांगितलाय. सजा नाही.”

भिंतीवर त्यांनी तक्ता चिकटवला होता, दिवसाला वीस शब्द. कारखान्यात चौतीस वर्षं मोटरी तपासण्यात गेलेली; बिघाड असला की तो काढायचा, एवढंच त्यांना ठाऊक. पिपलानी वसाहतीतल्या चर्चमध्येही तीच शिस्त. ते पेटी वाजवायला बसले की सगळ्यांनी त्यांच्या मापात गायचं. कुसुमने एखादी ओळ रेंगाळत घेतली की यांच्या भुवया चढत.

त्या रविवारी त्यांनी तिला मुद्दाम शेवटच्या बाकावर बसवलं. कुणी बोलायला लावू नये, फजिती होऊ नये.

समर्पणाचं गीत सुरू झालं. ‘धरिले ते सोडितो मी, प्रभू, तूच सांभाळ.’ पहिलं कडवं संपलं आणि ध्रुपद मागून कुणीतरी उचललं. आवाज जाड, कापरा, पण सुरात, आणि शब्दांसकट. गाणारे एकेक करत गप्प झाले. कुसुम उभी होती.

ध्रुपद दुसऱ्यांदा घेताना ‘धरिले ते’ म्हणून ती अडकली.

नीळकंठरावांनी भाता जोरात मारला, लय वाढवली. बाकीच्यांनी गाणं पुढे न्यावं, हिचं अडखळणं झाकलं जावं. पण कुणी तोंड उघडलं नाही. कुसुमने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको.

वीस वर्षं ते हे गीत मात्रा मोजत वाजवत आले होते. त्यात काय मागितलंय, हे कधी ऐकलंच नव्हतं. ‘प्रभू, हे माझ्याच्यानं होत नाही,’ ते मनात म्हणाले, ‘तिला तूच बघ.’ आणि त्यांनी पट्ट्यांवरची बोटं उचलली.

बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू झाली, लांब गेली.

“सोडितो… मी,” कुसुम म्हणाली.

मग ती हवी तिथे थांबली, हवी तशी रेंगाळली. नीळकंठराव एकेक सूर तिच्या मागून देत राहिले. गीताला दुप्पट वेळ लागला.

उपासना सुटल्यावर अंगणात पाळकांच्या पत्नी भाग्यश्रीताईंनी तिचा हात धरला. “कुसुमताई, कसं वाटतंय आता?”

कुसुमचे ओठ हलले. शब्द नाही. गाण्याबाहेर ती पुन्हा मुकी झाली होती.

उत्तर नीळकंठरावांच्या जिभेवर होतं. ते बोलले नाहीत. तिची पर्स हातात धरून उन्हात तिच्या शेजारी उभे राहिले.