खोली क्रमांक ७१४ मधली चैत्रगौर

पुण्यातल्या माणसानं सुट्टीत पुण्यातच राहायला जायचं, ही कल्पना आमच्या नारायण पेठेत पहिल्यांदा आणली ती आमच्या आमोदनं. त्याआधी पेठेतला माणूस गावातल्या गावात रात्री दुसरीकडे झोपला, तर लोक एक तर हॉस्पिटलात चौकशी करत, नाहीतर चौकीत.

आमोद खराडीला संगणकाच्या कंपनीत. सूनबाई वल्लरी शेजारच्या इमारतीत, तशाच कंपनीत. दोघं तिथेच सतराव्या मजल्यावर राहतात. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. लोकांना एका फोनसाठी चौदा-चौदा वर्षं ताटकळत ठेवायची कामगिरी मी इमानेइतबारे केली. नंतर उदारीकरण आलं आणि भाजीवाल्याच्या खिशातही फोन वाजायला लागला, तेव्हा मला घरी पाठवलं. असो.

तर आमोद एका रविवारी येऊन म्हणाला, "बाबा, कंपनीनं कुपन दिलंय. खराडीतलं पंचतारांकित हॉटेल, दोन दिवस, चौघांना. स्टेकेशन करू."

"म्हणजे काय करायचं?"

"कुठे जायचं नाही, पण गेल्यासारखं राहायचं."

"ते मी निवृत्त झाल्यापासून रोजच करतोय."

तो हसला नाही. या मुलांना कुपनाची मुदत संपत आली की हसू येत नाही. आणि याच्या कुपनाची मुदत संपत होती नेमकी अक्षय्य तृतीयेला.

हे ऐकून आमच्या सौभाग्यवती, हेमा, हातातलं निवडणं थांबवून बोटांवर दिवस मोजायला लागल्या. कारण त्या वर्षी चैत्रगौरीचं हळदीकुंकू व्हायचं राहिलं होतं. आधी घराला रंग लागला, मग चिपळूणचे एक चुलतकाका गेले आणि सुतक आलं. गौर झोपाळ्यावर बसलेली असते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, त्यामुळे आता तोच एक दिवस उरला होता. आणि हेमाचं हळदीकुंकू लग्न झाल्यापासून अडतीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. पहिलंच आलं ते आणीबाणीत. माणसं जमवायला बंदी होती, तरी हिनं साठ बायका जमवल्या. चौकशीला आलेल्या हवालदाराला कैरीची डाळ वाढली आणि जाताना त्याच्या बायकोसाठी ओटी बांधून दिली. यात थोडं तिखटमीठ माझं आहे, पण डाळ खरी.

"आई, वर्षातून दोन दिवस तरी आपण चौघं एकत्र राहू," आमोद म्हणाला.

हेमानं निवडलेलं डब्यात भरलं. मग म्हणाली, "येते मी. पण गौर माझ्याबरोबर येईल."

पेठेत चाळीस घरी बोलावणं गेलं. बायकांनी पत्ता ऐकला आणि एकेक अडचण निघायला लागली. कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाकडे पाहुणे. एकीनं तर सरळ विचारलं, "खराडी म्हणजे जवळजवळ नगरच ना हो? मुक्कामाला यायचं का?" समोरच्या सुशीलाबाई म्हणाल्या, "मी नक्की आले असते हेमाताई, पण आम्ही मनालीला निघालोय." मला हॉटेलचं नाव सांगायची लाज वाटत होती, म्हणून मीही त्यांच्या यजमानांना सांगून टाकलं होतं की आम्ही सिक्कीमला जाणार आहोत. हेमानं त्यांच्याकडे जाऊन माझं सिक्कीम बुडवलं ते असं.

हॉटेलच्या दारात विमानतळासारखं यंत्र होतं. आमची बॅग त्यातून गेली आणि पहारेकरी पडद्याकडे पाहतच राहिला. कसबा पेठेतल्या तांबट आळीत घडवलेला पितळी झोपाळा, त्याच्या साखळ्या, आत बसलेली अन्नपूर्णा, दोन नारळ, वीस कैऱ्या आणि एक कलिंगड. त्याला हे काय दिसलं असेल ते त्यालाच ठाऊक. त्यानं शिट्टी वाजवली नाही एवढंच.

"आजी, बाहेरचं खाणं आत नेता येत नाही."

"खाणं नाही ते. नैवेद्य आहे."

"आणि हे साखळीवालं काय आहे?"

"ज्यांचा नैवेद्य आहे त्या."

त्यानं बूट काढले, नमस्कार केला आणि बॅग सोडली. पाठीमागचा एक गोरा साहेब गोंधळून आपलेही बूट काढायला लागला होता.

खोली सातव्या मजल्यावर, सातशे चौदा. तिथे उशांचं मेनूकार्ड होतं. मी गव्हाच्या कोंड्याची उशी मागवली, ती आली, आणि तिला आमच्या घरच्या उशीसारखाच वास होता. न्हाणीघराची भिंत काचेची. हेमानं त्या भिंतीवर आपलं नऊवारी पसरलं आणि मगच पाणी प्यायली. खिडकीतून समोर आमोदचा स्वतःचा फ्लॅट दिसत होता. गॅलरीत त्याचा निळा टॉवेल वाळत होता. आमोद आणि वल्लरी दोघंही तिथे उभे राहून बराच वेळ आपल्या घराकडे पाहत होते.

"किती शांत वाटतं ना लांबून," वल्लरी म्हणाली.

रात्री हेमानं बर्फाच्या बादलीत हरभरे भिजत घातले. बादली पुरेना म्हणून उरलेले आंघोळीच्या टबात घातले. सकाळी पाहतो तर हरभरे फुगून टब काठोकाठ भरलेला, आणि आमोद कोपऱ्यातल्या बेसिनशी तांब्यानं आंघोळ करतोय. कैऱ्या चहाच्या किटलीत उकडून पन्हं झालं. डाळ घरूनच वाटून आणलेली होती. टेलिव्हिजन खाली उतरवून त्याच्या टेबलावर झोपाळा मांडला, कलिंगडाचं कमळ कापलं. दुपारी तीनपर्यंत अशी आरास झाली की आमोदसुद्धा फोन बाजूला ठेवून बसला.

आणि चार वाजले तरी कुणी आलं नाही.

अडतीस वर्षं जिच्या दारात चपलांना जागा पुरत नसे, ती बाई दाराकडे तोंड करून बसली होती. पाच सवाष्णी तरी हव्यात. वल्लरी एक, पण घरची सून मोजत नाहीत.

"नाही आलं कुणी तर काय होतं, आई?" आमोद म्हणाला.

"काही होत नाही," हेमा म्हणाली. "नुसतं चुकतं."

मग ती उठली. एका हातात कुंकवाचा करंडा, दुसऱ्या हातात अत्तरदाणी घेतली आणि बाहेरच्या लांबलचक गालिच्यावर चालू लागली. मागोमाग वल्लरी, तिच्यामागे मी. प्रत्येक दारावर 'व्यत्यय आणू नये' अशा अर्थाच्या इंग्रजी पाट्या अडकवलेल्या. पाटी वाचून परत फिरणारी बाई नारायण पेठेत नांदूच शकत नाही. हेमानं पहिलंच दार ठोठावलं.

हॉटेलचा पांढरा झगा घातलेली एक बाई बाहेर आली. आम्हाला बघून तिनं इंग्रजीत सांगितलं की आम्ही बंगलोरचे, आम्हाला काही नको. हेमानं करंडा तेवढा उघडला. कुंकू दिसताच त्या बाईचा हात आपोआप खांद्यावर गेला आणि नसलेला पदर चाचपायला लागला. कपाळ आधीच पुढे झुकलं होतं.

"हळदीकुंकवाला या. सातशे चौदा," हेमा म्हणाली. "बंगलोरला कुठे असता?"

तिनं झग्याचा पट्टा आवळला. "सहकारनगरला."

मराठी बाई समोर धरलेल्या कुंकवाला नाही म्हणू शकत नाही, हे हेमाला पक्कं ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की त्या मजल्यावर पुण्याबाहेरचं कुणी उतरलेलंच नव्हतं. कोकणात गेलेल्या कोथरूडकर सापडल्या. उटीला गेलेल्या कर्वेनगरच्या दोघी जावा एकमेकींपासून लपून समोरासमोरच्या खोल्यांत निघाल्या. आणि सातशे नऊचं दार उघडलं, तर तोंडाला हिरवा लेप लावून सुशीलाबाई उभ्या.

सुशीलाबाईंनी लेप पुसायला हात वर नेला. मग हेमानं विचारलं, "मनालीत बर्फ कितपत आहे?"

"फ्रिजमध्ये आहे थोडा," सुशीलाबाई म्हणाल्या. तेवढ्यात त्यांना मी दिसलो. "सिक्कीमहून लवकर परतलात, श्यामसुंदरराव?"

आतून त्यांच्या यजमानांचा आवाज आला, "अगं, बर्फाचा अजून एक फोटो टाकू का सोसायटीच्या ग्रुपवर?"

पाच वाजेपर्यंत आमच्या खोलीत बेचाळीस बायका होत्या. सगळ्या पांढऱ्या झग्यात, पायात हॉटेलच्या पांढऱ्या सपाता. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, हॉस्पिटलचा अख्खा वॉर्ड गौरीच्या दर्शनाला निघालाय. दुधात साखर म्हणजे झग्याला मोठे खिसे होते, त्यामुळे हरभऱ्यांची ओटी खिशातच भरता आली. बाईमाणसं डाळ खात आपण खरं म्हणजे कुठल्या आहोत हे एकमेकींना सांगत होती. इतकं खरं बोलणं त्या हॉटेलात आजवर झालं नसेल.

तोवर मॅनेजर आले. अभिनव नावाचा तरुण, कोट, टाय, आणि चेहऱ्यावर पाठ केलेलं हसू.

"मॅडम, या रूमची कपॅसिटी चार आहे. हा इव्हेंट आहे. इव्हेंटसाठी आपला बँक्वेट हॉल आहे."

"इव्हेंट नाही. हळदीकुंकू आहे," हेमा म्हणाली. "डाळ घ्या."

दाराबाहेर चादरींची ढकलगाडी घेऊन एक मुलगी थांबली होती. वाशीमकडची मैना, त्या मजल्यावरच्या खोल्या आवरायची. ती कधीची गौरीकडे टक लावून उभी होती.

"तू का बाहेर? ये, बस," हेमा म्हणाली.

"मले बसता येत नाही काकू. कॅमेरा हाये."

"स्टाफला गेस्टच्या रूममध्ये बसायला परवानगी नाही," अभिनव डाळ खाता खाता म्हणाला.

"तिला आत यायला परवानगी नाही ना?" असं म्हणून हेमा उठली. घरून आणलेला पाट बाहेर आणला, गालिच्यावर मांडला आणि मैनेला त्यावर बसवलं. हळदकुंकू लावलं, अत्तर लावलं, ओटी भरली. "पुढच्या वर्षी घरी ये. नारायण पेठेत येऊन कुणालाही माझं नाव विचार."

अभिनवनं डाळीची वाटी खाली ठेवली. त्यानं खिशातून फोन काढला आणि गौरीचे, कलिंगडाचे, झग्यातल्या बायकांचे फोटो घेतले. तो फोटो घेत होता तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पुढच्या चैत्रात वर्तमानपत्रात पानभर जाहिरात आली. 'अस्सल चैत्रगौर स्टेकेशन. पारंपरिक हळदीकुंकू, अमर्याद कैरीची डाळ, दोन दिवस एक रात्र.' शुक्रवार धरून. आणि हेमानं घरचं हळदीकुंकू ठेवलं होतं त्याच शुक्रवारी. या वर्षी ना रंग, ना सुतक.

आमोद म्हणाला, "आई, त्यांनी तुला खास बोलावलंय. कुपन पाठवलंय."

"माझी गौर घरी बसलेली असताना मी दुसरीकडे पाहुणी म्हणून जाऊ?"

शुक्रवारी दुपारी आरास झाली. झोपाळा, कमळ, दारात चैत्रांगण. साडेपाच वाजले. सहा वाजले. मी खाली जाऊन आळीत फेरी मारली. सुशीलाबाईंच्या दाराला कुलूप. त्याच्या शेजारी कुलूप. त्याच्यापुढे कुलूप. पैठण्या नेसून अख्खी आळी खराडीला गेली होती, त्याच खराडीला जी गेल्या वर्षी नगरच्या हद्दीत होती. या वेळी करंडा घेऊन हिंडायलाही दार उरलं नव्हतं. मी वर आलो तर हेमा स्वयंपाकघरात होती. ती पन्ह्याच्या पातेल्यावर झाकण ठेवत होती, ते नीट बसेना.

साडेसहाला जिन्यावर पावलं वाजली. मैना, आणि तिच्यामागे अजून चौघी. सगळ्या हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या, सगळ्या विदर्भातल्या. खराडीहून मनपापर्यंत एक बस, तिथून पायी, दोनदा वाट चुकून.

"आज सुट्टी कशी मिळाली?" मी विचारलं.

"सायेबानं देल्ली," मैना म्हणाली. "आज हाटेलात गावाकडच्या बायका पाह्यजे होत्या, नऊवारीतल्या. त्या इव्हेंटवाल्या कंपनीकडून मागोल्या. आमाले म्हन्ले, दोन दिस दिसू नका."

वल्लरी सुट्टी टाकून आली होती. तिनं पाट मांडले. हेमानं पाचही जणींना एकेक करून हळदकुंकू लावलं. त्या पोरी डाळ अशा चवीनं खात होत्या की हेमा परत परत वाढत राहिली. निघताना उरलेलं सगळं डब्यात भरून त्यांच्याबरोबर दिलं. चाळीस बायकांची डाळ पाच जणींनी उचलली, पातेलंसुद्धा रिकामं.

त्या जिना उतरत होत्या तेवढ्यात फोन वाजला. सुशीलाबाई, खराडीहून. आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होतं.

"हेमाताई, काय सांगू तुम्हाला. इथे दीड तास रांग. ओटी भरायला मुली ठेवल्यात, त्या मागून म्हणतात, पुढे सरका. आणि डाळीत कैरीच नाही हो, लिंबू पिळलंय. आम्ही येतोच आहोत परत. तुमच्याकडे असेल ना थोडी?"

हेमानं रिकाम्या पातेल्याकडे पाहिलं.

"नाही हो," ती म्हणाली. "आज आमच्याकडे फार गर्दी झाली."