छपराचं पोट

मी छत्र्या दुरुस्त करतो आणि बसतो मात्र दुसऱ्याच्या छपराखाली. चष्म्याच्या दुकानाचं पत्र्याचं छप्पर भिंतीच्या बाहेर चांगलं हातभर आलेलं आहे. त्याखाली माझं बुटकं स्टूल, पक्कड आणि काड्यांचा डबा. "लोकांच्या डोक्यावर छप्पर धरता आणि स्वतःच्या डोक्यावर चष्मेवाल्यांचं," असं माझी बायको म्हणते. हा विनोद आमच्या लग्नाइतकाच जुना आहे, पण तिला अजून त्याचं हसू येतं.

दुकान पाडून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा चष्मेवाल्यांनी मला काहीच सांगितलं नाही. माणूस वाईट नाही. अवघड बोलणं उद्यावर ढकलायची सवय आहे, एवढंच. मला कळलं ते नातीकडून. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण लहानपणी ती एका जागी टिकत नसे. आता दिवसभर एका जागी बसून इमारतींची चित्रं करते. हे काम तिच्याच ऑफिसकडे आलं होतं.

रविवारी सकाळी तिनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

"हे बघा आजोबा, तुमचं दुकान."

"माझं कुठलं? आणि छप्पर कुठाय?"

"हे काय."

मी वाकून पाहिलं. भिंतीच्या बाहेर नखाएवढी कडा होती.

"मालकांना चौकोनी हवंय, एकदम साधं," ती म्हणाली. "छप्पर बाहेर दिसायलाच नको म्हणत होते. भिंतीवरून पाणी उतरू नये म्हणून मी सहा इंच तरी ठेवलंय."

"सहा इंचांत माझं नाक मावेल."

"तेही अर्धं बाहेर राहील," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

भिंगरीनं पडद्यावरचं दुकान गरकन फिरवलं आणि आम्ही छपराच्या खाली गेलो. "ही खालची बाजू. हिला सॉफिट म्हणतात. छप्पर वेगळं काढायचं आणि हे वेगळं. नाहीतर खालून नुसतं पोकळ दिसतं."

"म्हणजे छपराचं पोट."

"पोट म्हणा हवं तर."

"आयुष्यभर तेच बघत बसलोय. त्याला नाव असेल हे कधी डोक्यात आलं नाही."

मग मी हळूच विचारलं, "हे वाढवता येतं?"

"आकडा बदलायचा फक्त." तिनं तीस लिहिलं आणि छप्पर जे सुटलं ते रस्ता ओलांडून समोरच्या न्हाव्याचं दुकान गिळून पुढे गेलं. रस्त्यावरचं झाड त्यातून वर डोकं काढून उभं राहिलं. तीस इंचांच्या जागी तीस मीटर झाले होते. आमचं हसणं ऐकून बायको हातात झारा घेऊनच बाहेर आली. "राहू दे की असंच," ती म्हणाली, "सगळी गल्ली कोरडी राहील."

हसून झाल्यावर भिंगरीनं पुन्हा सहा इंच केले.

"तीस इंचच ठेवलं असतंस तर," मी म्हणालो.

"आजोबा, हे ऑफिसचं काम आहे. मालक सांगतील तसं काढायचं. तुमच्यासाठी वाढवलं आणि कुणी विचारलं, का वाढवलंस, तर काय सांगू?"

तिचं बरोबर होतं. म्हणून तर जास्त लागलं. भिंती गावात पुष्कळ आहेत, पण लोकांच्या पायांना माझा कोपरा ठाऊक झालेला आहे. मोडकी छत्री घेऊन कुणी मला शोधत हिंडणार नाही, कचऱ्यात टाकेल आणि नवी घेईल. हे छप्पर गेलं की माझा धंदा आटोपला. नातीला मात्र मी यातलं काही बोललो नाही.

दोन-चार दिवसांनी दुपारी ती लॅपटॉप घेऊन चष्म्याच्या दुकानात आली. माझ्यासमोरून गेली, पण ओळख दाखवली नाही. चेहरा ऑफिसचा होता. ती माझी नात हे चष्मेवाल्यांना माहीत होतं, त्यामुळे दोघंही एकमेकांशी नको इतक्या अदबीनं बोलत होती. चष्मेवाल्यांची बायको गल्ल्यावरून उठून त्यांच्याजवळ आली. मी बाहेर एक धडधाकट छत्री घेऊन उगाच उघडमीट करत बसलो. दार उघडंच होतं.

"चित्रातली ही माणसं कोण?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"प्रमाणासाठी ठेवावी लागतात. दार किती उंच ते कळतं. तयार मिळतात."

"आणि हा बसलेला?"

"हा तयार मिळत नव्हता. तयार माणसं एकतर चालणारी, नाहीतर खुर्चीत बसून कॉफी पिणारी. बुटक्या स्टुलावरचं कुणीच नव्हतं. म्हणून मी केला."

"अगं बाई," चष्मेवाल्यांची बायको म्हणाली, "हे तर आपले छत्रीवाले काका. टक्कलसुद्धा जमलंय."

माझा हात आपोआप डोक्यावर गेला. आता चष्मेवाले म्हणतील, काढा त्याला. एक बोट दाबलं की झालं.

चष्मेवाले खाकरले. "पण हा इथे दारात काय बसवलाय? गिऱ्हाईक त्याच्या डोक्यावरून जाणार का?"

"मग उजवीकडे घ्या," त्यांची बायको म्हणाली.

"उजवीकडे पायऱ्या आहेत."

"डावीकडे घ्या."

"डावीकडे काचेत नव्या फ्रेमा लावायच्यात ना?"

"फ्रेमा वर लावा. काका काय उभ्यानं काम करतात?"

तेव्हा मला उमगलं. मी असावा की नसावा हे कुणी बोलतच नव्हतं. वाद होता तो फक्त मला ठेवायचं कुठे याचा.

"हा एवढा पिवळा का दिसतोय?" चष्मेवाले म्हणाले. "कावीळ झाल्यासारखा."

"ऊन आहे. छप्पर सहा इंचच आहे ना, सावली भिंतीपाशीच संपते."

"आणि पावसात?"

"पाऊस यात दिसत नाही."

"दिसायला कशाला हवा?" बायको म्हणाली. "छत्र्या दुरुस्त करणारा माणूस आपल्या दारात भिजत बसणार. दुकान चष्म्यांचं आणि मालकालाच दिसत नाही, असं म्हणतील लोक."

मग चष्मेवाले म्हणाले, "घ्या छप्पर जरा पुढे."

कळांचा टकटक आवाज आला.

"अजून," बायको म्हणाली.

टकटक.

"डोकं सावलीत आलं. अजून."

"अगं, चौकोनी दिसायला हवं ना ते."

"दिसतंय चौकोनी. गुडघे आले. अजून घे गं. हां, अंगठे तेवढे राहिले. आता बास."

"आणि याला चष्मा लावा," चष्मेवाले म्हणाले. "माझ्या दारात बसतो आणि चष्मा नाही. धंद्याला शोभत नाही."

मग त्यांनी दारातून डोकं बाहेर काढलं. नजर माझ्याकडे नव्हती, हातातल्या छत्रीकडे होती. "काका, ते नवं बांधतोय आम्ही. डावीकडे बसलात तर चालेल ना?"

लगेच हो म्हणणं बरं दिसलं नसतं. मी छत्री मिटली, बंद लावला.

"डावीकडे भिंतीत खुंटी लागेल एक," मी म्हणालो. "छत्र्या टांगायला."

चष्मेवाले आत वळले. "ताई, एक खुंटी घ्या."

"एक कशाला?" आतून त्यांची बायको म्हणाली. "दोन घ्या."