तांदळातली डबी

श्यामकांतांनी तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. बोटांना तांदूळच लागले. हात बाहेर आला तो बोरिक पावडरने पांढरा होऊन.

पलीकडच्या खोलीत त्यांची लेक नूपुर लॅपटॉपसमोर बोलत होती. गांजापासून अफूपर्यंत सगळं कायद्यातून मोकळं करावं, असं तिच्या संस्थेचं म्हणणं.

"सज्ञान माणसाने काय ओढावं, काय गिळावं, हे ठरवणारं सरकार कोण?"

श्यामकांतांनी बत्तीस वर्षं कस्टम्समध्ये, कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीकडे, लोकांचा गांजा पकडला होता. संध्याकाळी बराकपूरला घरी यावं, तर बायकोने, शकुनने, त्यांची तपकिरीची डबी जप्त केलेली. तिला ना वॉरंट लागे, ना पंच. कधी तांदळात, कधी देव्हाऱ्यामागे, एकदा तर गणपतीच्या मखराच्या खोक्यात. शोधण्यात अर्धा तास गेला की तेवढीच एक चिमूट कमी, हे तिचं शास्त्र. मात्र सापडणार नाही अशा जागी तिने डबी कधीच ठेवली नाही. हे त्यांच्या लक्षात आलं ती गेल्यावर.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी तपकीर बंद केली आणि डबी नूपुरने उचलली. चार दिवस श्यामकांत घर धुंडाळत होते. आता हात धुऊन ते तिच्या दारात उभे राहिले.

"सज्ञान मीपण आहे."

"बाबा, मी कॉलवर आहे!"

"मग त्यांनाच विचार. एकोणसत्तर पूर्ण झालीत."

स्क्रीनमधून कुणीतरी हसलं. नूपुरने माइक बंद केला, पर्समधून डबी काढून त्यांच्या हातात ठेवली.

"घ्या. तुमचं नाक, तुमचा निर्णय. मी परत हात लावणार नाही."

"पर्समध्ये होती?"

"मग कुठे ठेवणार?"

श्यामकांत जिंकले होते. जप्तीचा माल इतक्या सहज कुणाला परत मिळाल्याचं त्यांनी नोकरीत तरी पाहिलं नव्हतं. बाल्कनीत बसून त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावलं. डबी समोरच्या स्टुलावर राहिली. तिच्यावर कुणाचाही डोळा नव्हता.

तासाभराने ते उठले. स्वयंपाकघरात जाऊन डबी तांदळात खोल दाबली आणि वरचे तांदूळ तळव्याने सारखे केले.

"नूपुर, माझी डबी कुठे ठेवलीस गं?"

तिचं टायपिंग थांबलं. तिने वर पाहिलं. बाबांचा हात कोपरापर्यंत पांढरा होता.

"सांगणार नाही," ती म्हणाली.