कड्यांचा चोर

कुलूपकाकांचा संशय इतका दांडगा, की शिंक आली तरी ती कुणी धाडली ते बघायला मागे वळत. गावात कुलपांचं दुकान चालवणाऱ्या अशा माणसाच्या घरातून कड्या गायब होऊ लागल्या! आधी माडीवरच्या खोलीची, मग आतल्या खोलीची. दाराला नुसती भोकं.

काका आधीच बिथरलेले. थोरला भाऊ हसता हसता, कप हातात असतानाच गेला होता. काकांनाही दोनदा भोवळ आली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तुमच्याही हृदयाचा स्नायू जाड झालाय. ठोके कधीही भरकटतील. छातीत यंत्र बसवू, ते झटका देऊन ताळ्यावर आणेल."

"आणि ते बिघडलं तर?"

"बाहेरूनच तपासतो आम्ही. हातही लावावा लागत नाही."

"म्हणजे कुलूप माझ्या छातीत आणि किल्ली तुमच्या खिशात? जमणार नाही!"

आता कड्या. मेहुण्याचंच काम, काकांनी ठरवलं. 'दाजी आटोपले की दुकान आपलं' म्हणून आतापासूनच माल हलवतोय लेकाचा! एका दुपारी दुकानात जातो म्हणून ते निघाले आणि मागच्या दारानं येऊन, एवढीच कडी शाबूत उरलेल्या न्हाणीघरात दाराआड दबा धरून बसले. पेचकस कुरकुरला. काकांनी झडप घातली.

हातात बायकोचं मनगट आलं.

"अगं, तू? कुलूपवाल्याच्या घरात चोरी?"

"मग काय करू?" ती उसळली. "आतून कडी लावून तासतासभर बसता. आत कोसळलात तर दार उघडायला कुणाला बोलावू? गावात कुलूपवाला एकच, आणि तो आत!"

काकांनी तिच्या हातातून पेचकस काढून घेतला.

"उलटा फिरवतेस. आटे जातील." उरलेला स्क्रू त्यांनी स्वतःच काढला. "उद्या दवाखान्यात चल. बसवू ते यंत्र. पण बसलं की कडी परत लावणार."

"लावा. तोवर आत गात राहा. आवाज थांबला की मी आत."

ऑपरेशन होईपर्यंत काका रोज गायले. ते ऐकून शेजाऱ्यांनी खिडक्यांना दुहेरी कड्या बसवून घेतल्या. कुणाकडून? काकांकडूनच! मेहुण्याला अजून वाटतं, गाणं कड्या खपवायलाच होतं.