मोठ्या अक्षरांचं पुस्तक

पुण्याच्या प्रकाशकांचा होकार आला, त्या दिवशी मी कळमन्याच्या धान्यबाजारात आमच्या अख्ख्या ओळीत संत्रा बर्फी वाटली. धान्याची अडत चालवणाऱ्या माणसाच्या बायकोचं पुस्तक पुण्याहून निघणार, ही काही लहानसहान गोष्ट नव्हती. शेजारच्या गाळ्यातले रुपराव बाजारभावापलीकडे काही वाचत नाहीत, पण त्यांनीही दोन तुकडे उचलले आणि म्हणाले, "भैयाजी, आता तुमाले भाषण द्या लागते." मी मनातल्या मनात भाषण जुळवतच धरमपेठेत घरी पोहोचलो.

तर आमच्या बाईंनी त्या होकाराला नकार कळवून टाकला होता.

पुष्पलता, म्हणजे माझी बायको, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली. पुस्तक तिनं लिहिलं होतं तिच्या थोरल्या बहिणीवर, खाप्याच्या यमुताईंवर. बाप विणकर. घरात माग. यमुताईंना चौथीतून काढलं आणि विणकामाच्या कांड्या भरायला बसवलं. त्यांनी चरखा फिरवला, सूत गुंडाळलं, आणि त्या कमाईवर धाकटी पुष्पा शिकून मास्तरीण झाली. मोठ्या बहिणीनं मात्र वाचनाचा नाद सोडला नाही. किराण्याची पुडी सोडली की आधी पुडीचा कागद वाचायचा, मग साखर डब्यात टाकायची, असा त्यांचा खाक्या.

"काहून नाई म्हटलं वं?" मी बूटसुद्धा न काढता विचारलं.

"ते म्हणतात, दीड वर्ष थांबा. त्यांच्याकडे आधीची पुस्तकं रांगेत आहेत."

"मंग थांबू! पुस्तक का नासून राहिलं?"

"ताईचे डोळे नाई थांबणार ना," ती म्हणाली.

यमुताईंच्या डोळ्याचा पडदा झिजत चालला होता. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. याला इलाज नाही, हळूहळू मधलं दिसणं जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आताच त्यांना पेपरातल्या फक्त ठळक बातम्यांचे मथळे वाचता येत होते. म्हणून पुष्पाला सगळं पुस्तक मथळ्याएवढ्या अक्षरात हवं होतं, आणि लवकर हवं होतं. प्रकाशक म्हणाले, तेवढ्या टायपात पुस्तक दुप्पट जाड होईल, दुकानदार ठेवणार नाहीत. माणूस खोटं बोलत नव्हता. उलट मोठा भला. पहिली तीन प्रकरणं काढा, पुस्तक उगाच उशिरा सुरू होतं, हा सल्ला त्यानं फुकट दिला आणि पुष्पानं तो मुकाट्यानं ऐकला. एका प्रसंगावर तर तो फिदा होता. यमू हसत हसत आपली पाटी धाकट्या बहिणीच्या हातात देते, तो प्रसंग. "बाई, हे पान काळजाला हात घालतं. पुस्तकाचं नावच यावरून ठेवा," असं त्यानं सुचवलं. त्यावरून 'हसत दिलेली पाटी' हे नाव ठरलं.

"आता मीच छापते," पुष्पा म्हणाली.

माझं डोकंच सटकलं. स्वतःच्या खर्चानं पुस्तक छापणं म्हणजे आपल्याच लग्नात आपणच आहेर घेऊन जाणं, असं माझं मत होतं आणि ते मी तिला मोठ्या आवाजात ऐकवलं. कळमन्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस मी. मालाची पारख दुसऱ्यानं करायची असते. अपने दही को कौन खट्टा कहता है?

"बरं," ती म्हणाली, आणि छापखाना शोधायला लागली.

यानंतर मी वेगळीच पुष्पा पाहिली. जी बाई भाजीवाल्याशी कधी घासाघीस करत नाही, ती रजत नावाच्या छापखानेवाल्याकडे कागदावर हात फिरवून कागद नाकारायला लागली. पांढराशुभ्र नको, उजेडात ताईचे डोळे दिपतात, पिवळसर दाखव. जड नको, म्हाताऱ्या मनगटाला पेलवला पाहिजे. शिलाई अशी कर की पुस्तक मांडीवर उघडं राहील, दाबून धरावं लागणार नाही. रजत बिचारा तिशीतला पोरगा. तो म्हणाला, "काकू, एवढी मोठी अक्षरं? बालवाडीचं पुस्तक वाटून राहिलं." काकूंनी त्याला डोळे किलकिले करायला लावले आणि लहान टायपाचं पान समोर धरलं. "वाच आता." रजतनं लहान टायपाचं पान बाजूला ठेवलं आणि मोठी अक्षरं लावली.

मुद्रितं तिनं पाच वेळा तपासली. सरकारी पुस्तक-क्रमांक कसा मिळतो ते शोधून तिनंच अर्ज केला. मुखपृष्ठावर चरख्याचं चित्र काढून आणलं रजतनं, तर त्यात कांडी उलट्या बाजूला लावलेली. ते चित्रही परत. साठी ओलांडलेली माझी बायको पंख्याखाली जमिनीवर बसून कागद मांडत होती. मी दारात चहा घेऊन उभा राहायचो आणि मनात म्हणायचो, भैयाजी, या बाईशी तुझं लग्न झालं, हे तुझं नशीब. आता हे तिला तोंडावर सांगायला काय जात होतं? पण नाही. मी म्हणायचो, "चहा थंडा होऊन राहिला."

अखेर पुस्तकं आली. पाचशे प्रती, गठ्ठेच्या गठ्ठे, दिवाणखान्यात सोफ्याच्या मागे. माझा विरोध तोवर कुठल्या कुठे पळाला होता. प्रकाशनाचं सभागृह मीच ठरवलं, पत्रिका मीच वाटल्या, रुपरावांना पहिल्या रांगेत बसवायचं वचन दिलं. पुष्पाची एकच अट होती. समारंभाआधी पहिली प्रत ताईच्या हातात.

आम्ही गाडी काढून खाप्याला गेलो. सकाळचं ऊन यमुताईंच्या दारात आलं होतं. त्या उंबऱ्याजवळ बसल्या, पदरानं हात पुसले आणि पुस्तक मांडीवर घेतलं. पहिल्यांदा नुसताच वास घेतला. मग अक्षरावर बोट ठेवलं.

"दिसते," त्या म्हणाल्या. "पुष्पे, मले दिसते वं सारं!"

पुष्पाच्या चेहऱ्याकडे पाहवेना, इतका तो उजळला होता. तिनं स्वतःच पाटीचं पान उघडून दिलं. यमुताई बोट सरकवत, शब्द सुटा करत मोठ्यानं वाचू लागल्या. "यमू... हसत हसत... पाटी..." बोट थांबलं. पुन्हा मागे गेलं. पुन्हा तेच वाचलं.

"कोन हासलं वं?"

"तू, ताई. माय नेहमी सांगे ना, यमीनं हासत पाटी देल्ली म्हणून."

"मायनं सांगतलं असन. मी नाई हासली." यमुताईंचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "मी पाटी घट्ट धरून ठेवली होती. मायनं वढून घेतली. म्या दाराच्या मांगं रडून घेतलं. हासून राहिली होती तू. तुले पाटी भेटली ना! लहान होती तू, तुले काय समजे? लय दिवस तुहा राग ये मले. मंग सरला."

मीच पुढं सरसावलो. अडत्याला सौदा तुटायला आला की राहवत नाही. "यमुताई, पुस्तकात असं थोडंफार चालते. आता छापूनही झालं."

"राहू द्या ना, जवाईबापू. चांगलं लिवलं हाय. लोकाईले आवडन," त्या म्हणाल्या, आणि पुस्तक मिटून पुष्पाकडे दिलं.

परतीच्या वाटेवर सावनेर मागे पडलं. मग पुष्पा म्हणाली, "ते पान बदलायचं आहे. पुस्तकाचं नावही."

"येडी झाली का? पाचशे प्रती शिवून तयार आहेत! सभागृह ठरलं आहे! त्या प्रकाशकाले जे पान सगळ्यात जास्त आवडलं, तेच?"

"म्हणून तर. सगळ्याले तेच आवडते. मलेही तेच आवडे. ताई हसली म्हटलं की तिच्या जागी शिकल्याचं मले ओझं नाई वाटे. पुण्याले छापलं असतं तर आज हात जोडून विचारावं लागलं असतं. आता विचारायचं कोणाले? पुस्तक माझं, चूक माझी. मीच निस्तरते."

मला भांडायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मी पडलो धान्याचा माणूस. गिऱ्हाइकाला वानगी एका मालाची दाखवली आणि पोत्यातून दुसराच निघाला, तर पोतं परत घ्यावं लागतं. मग ते किती का लांबून आलेलं असेना, किती का लोकांसमोर उतरवलेलं असेना. आमच्या बाजारात ज्याला हे जमत नाही त्याच्या गाळ्यावर माणूस दुसऱ्यांदा येत नाही. आणि इथं माझी बायको स्वतःच्या दह्याला भर बाजारात आंबट म्हणायला निघाली होती. चाळीस वर्षांत असा व्यापारी मी पाहिला नाही.

गाडी बाजूला घेतली आणि रजतला फोन मीच लावला. "गठ्ठे उचलायले गाडी पाठव गा. सारे रद्दीत. काकू पान बदलून राहिली."

तिकडून रजत "काका, समारंभ..." असं काहीतरी म्हणत होता.

"समारंभाले गोळी मार," मी म्हणालो. पुष्पानं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मात्र मी सांगून टाकलं, जे चहाचा कप घेऊन इतके दिवस गिळत होतो ते सगळं. ती रडली. रस्त्यानं जाणारे ट्रकवाले आमच्याकडे बघत होते, बघोत बापडे.

नवं पान लिहायला तिला जुन्या सगळ्या पुस्तकापेक्षा जास्त त्रास झाला. लिहायची, खोडायची, उठून गॅलरीत जायची. इकडे खाप्याहून खबर येत होती की यमुताईंना आता मथळेही नीट दिसेनात. रजतनं दुसरी कामं बाजूला सारली. पुष्पानं त्या एका प्रकरणाची अक्षरं आणखी मोठी करायला लावली. एका पानावर जेमतेम सहा ओळी मावत होत्या.

पुन्हा तोच उंबरा, तेच ऊन. यावेळी सभागृह नव्हतं, भाषण नव्हतं. रुपराव तेवढे हट्टानं सोबत आले होते, मांडीवर संत्रा बर्फीचा डबा घेऊन बसले होते. यमुताईंनी पुस्तक डोळ्यांसमोर धरलं, मग थोडं बाजूला, मग मान तिरपी केली. मधलं दिसणं गेलं होतं, कडेनं दिसेल तेवढं त्या धरू बघत होत्या. नावावर बोट फिरलं. 'यमूची पाटी'. पुष्पानं पान उघडून दिलं आणि शेजारी टेकली. मीही.

बराच वेळ बोट एकाच जागी होतं. मला वाटलं, संपलं. उशीर झाला.

मग यमुताई वाचू लागल्या. "यमू... हसली... नाही." त्या थांबल्या. "यमूनं... पाटी... सोडली... नाही. ती... ओढून... घ्यावी... लागली. हसली... ती... मी."

त्यांनी शेवटच्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. "हां," त्या म्हणाल्या. "आता बरोबर हाय."

पुढचं पान उलटून द्यावं म्हणून पुष्पानं हात पुढे केला आणि पुस्तकाची कड धरली. यमुताईंनी दोन्ही हातांनी पुस्तक छातीशी ओढून घेतलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "माह्यापाशी राहू दे."

पुष्पानं हात मागे घेतला.